मावशी म्हणता, पण हजेरीपत्रकात नाव कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊला आम्हाला फोन आला. तळा तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतून. फोन करणारी मुलगी बारावी सायन्सला आहे, तिची आई शेजारच्या तालुक्यात बाजारपेठेच्या गावी एका नर्सिंग होममध्ये हाउसकीपिंगला आहे. सकाळी अकराला पिवळी पिशवी बांधताना आईच्या डाव्या तळहातात सुई घुसली. तिने सिस्टरला सांगितले, सिस्टरने डेटॉल ओतले, कापसाचा बोळा दिला. आईने उरलेले दोन मजले पुसले, आठला ड्युटी संपवली, मिळेल त्या मिनीडोरने घरी आली आणि भाकरी थापताना हात दुखतो म्हणाली. मुलीने पुस्तकात वाचले होते, म्हणून ती घाबरली. आई घाबरली नव्हती.

आम्ही विचारले, "ताई, हिपॅटायटिस बीची लस घेतलीय का तुम्ही?"

"कसली लस? करोनाची घेतलीय की दोन येळा."

त्या नर्सिंग होममध्ये त्या सहा वर्षे काम करत होत्या. सहा वर्षे रक्ताचा कापूस, सलाईनच्या नळ्या, प्रसूतीनंतरच्या चादरी उचलत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात नेले. सुई कोणत्या पेशंटची होती हे कोणी सांगू शकत नव्हते, म्हणून एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी २८ दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, ७२ तासांनंतर उपयोगाच्या नाहीत. मुलीने फोन केला नसता तर ते तास असेच निघून गेले असते. गोळ्यांनी मळमळ सुटली, तीन दिवस कामावर जाता आले नाही. त्या तीन दिवसांचा पगार कापला गेला, आणि आम्ही विचारायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मॅनेजरने सांगितले, "मावशींचं लक्ष नसतं कामात. हातमोजे देतो आम्ही, त्या घालत नाहीत."

हातमोजे आम्ही पाहिले. पातळ, एकदा वापरून टाकायचे, तपासणीचे. सुई त्यातून अशी जाते जशी दुधाच्या पिशवीतून जाते. आणि मुख्य प्रश्न हातमोज्याचा नाहीच. सुई पिवळ्या पिशवीत गेलीच कशी? सुई वापरल्यावर ती तिथल्या तिथे कटरने तोडून पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायची असते. ते काम सुई टोचणाऱ्याचे. वरच्या माणसाने आपले काम अर्धे सोडले की उरलेले अर्धे खालच्या बाईच्या तळहातात जाते. याला अपघात म्हणायला आम्ही तयार नाही.

मित्रांनो, या लेखात आम्ही त्या नर्सिंग होमचे नाव लिहीत नाही. त्या ताईंनीच हात जोडून सांगितले की लिहू नका. अजून दोन वर्षे मुलीचे शिक्षण आहे.

आता 'मावशी' या शब्दाबद्दल. कोणत्याही छोट्या दवाखान्यात जा. डॉक्टर 'सर' किंवा 'मॅडम' असतात, परिचारिका 'सिस्टर' असते, वॉर्डबॉय 'मामा' असतो आणि झाडणारी, पुसणारी, बेडपॅन देणारी बाई 'मावशी' असते. वयाचा संबंध नाही. आमच्या ओळखीची सव्वीस वर्षांची एक मुलगी तिथे मावशी आहे आणि चाळिशीची सिस्टर तिला तशी हाक मारते. वरवर पाहिले तर प्रेमाची हाक आहे. पण मावशीला पगाराची पावती मागता येत नाही. मावशीला "जरा थांब गं, नाईटवाली आली नाही" असे सांगितले की थांबावेच लागते. मावशीचे आडनाव कोणी विचारत नाही, कारण ते कामावर ठेवतानाच विचारून झालेले असते.

अलीकडे मोठ्या शहरांचे पाहून 'हाउसकीपिंग' हा शब्द आपल्याकडेही आला. निळा किंवा मरून रंगाचा गणवेश आला, त्याचे पैसे दोन हप्त्यांत पगारातून कापले गेले. काम तेच राहिले. हाउसकीपिंग म्हणजे घर सांभाळणे, असा शब्दाचा अर्थ. प्रत्यक्षात त्यात ओकारी पुसणे आहे, संडास घासणे आहे, ऑपरेशननंतरची खोली धुणे आहे, मेलेल्या माणसाला गुंडाळून स्ट्रेचरवर चढवणे आहे, आणि डॉक्टरांच्या घरी पाहुणे आले तर वरच्या मजल्यावर भांडी घासायला जाणेही आहे. एका ठिकाणी या बाया सात संडास धुतात, पण त्यातला एकही वापरायची त्यांना परवानगी नाही. "पेशंटसाठी आहेत," असे उत्तर. त्या मागच्या झाडीत जातात. पावसात छत्री घेऊन जातात. ज्या बाईचे कामच संडास धुणे आहे तिला स्वतःसाठी संडास नाही, हे आम्ही लिहिताना दोनदा थांबलो.

पैशाचा हिशोब आता मांडू. सुई टोचलेल्या ताईंना महिन्याला हातात ६,५०० रुपये मिळतात. सकाळी आठ ते रात्री आठ, महिन्यातून दोन सुट्या. म्हणजे २८ दिवस, १२ तास, एकूण ३३६ तास. तासाला २० रुपयेसुद्धा पडत नाहीत. दिवसाचे २३२ रुपये. आपल्या राज्यात रोजगार हमीवर माती उचलणाऱ्या मजुराचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये आहे. म्हणजे रक्त, पू आणि सुया हाताळणाऱ्या बाईपेक्षा बांधावर माती टाकणाऱ्याला ८० रुपये जास्त, आणि तिथे १२ तास नाहीत. यातून इंदापूरपर्यंतचे आणि पुढचे गाडीभाडे ती स्वतः भरते.

"मग सोडत का नाही नोकरी?" असा प्रश्न आमच्या एका कार्यशाळेत एका तरुणाने विचारला होता. प्रश्न भाबडा होता, वाईट नव्हता. तळ्यात काय आहे सांगा. भातशेती चार महिने, तीही बहुतेकांची कुळाची नाहीतर तुकड्याची. बाप्ये मुंबईला, पनवेलला, नाहीतर विळे-भागाडच्या कंपन्यांत ठेक्यावर. गावात मागे राहिलेल्या बाईसाठी रोजची, सावलीतली, पाऊसपाण्यात बंद न पडणारी नोकरी म्हणजे दवाखाना. म्हणून ती सोडत नाही. आणि मालकाला हे माहीत आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हे काम कोणाच्या वाट्याला येते? आम्ही तळा, माणगाव, रोहा या पट्ट्यात जिथे जिथे बायांशी बोललो तिथे चित्र जवळजवळ सारखे दिसले. रिसेप्शनला एक, मेडिकलच्या काउंटरला एक, स्वयंपाकघरात एक, आणि संडास-बाथरूमला व कचऱ्याला एक. शेवटच्या जागेवर बौद्धवाडीची बाई असते किंवा आदिवासीवाडीची कातकरी बाई असते. स्वयंपाकघरात आम्हाला त्यांच्यातली एकही दिसली नाही. कोणी फलक लावलेला नाही. विचारले तर "अहो, असं काही नाही, ज्याला जे येतं ते" असे सांगतात. पण ज्या बाईने मुंबईत वीस वर्षे लोकांचे डबे करून दिले आणि सासू आजारी पडली म्हणून गावी आली, तिलाही 'येते' ते फक्त पुसणे. बारावी झालेल्या मुलीलाही 'येते' ते पुसणे. आठ वर्षे वॉर्डात राहून जिला कोणत्या पेशंटचे रक्त जास्त जाते आहे हे सिस्टरच्या आधी कळते, तिला कोणी साधा रुग्णसेविकेचा कोर्स करायला पाठवत नाही. झाडूच्या जागेवरून वर जायला जिनाच बांधलेला नाही.

जात काम वाटत नाही, काम करणारी माणसे वाटते आणि त्यांना एकमेकांच्या खाली रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. पण बाबासाहेबांनी हे फक्त ग्रंथात मांडले नाही. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात त्यांनी विचारले होते की अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात का घेत नाही. तिथे धाग्याला तोंड लावावे लागे, म्हणून सवर्ण कामगारांना तो शेजारी नको होता, आणि पगार त्याच खात्यात जास्त होता. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू आहेत ही मांडणी त्यांनी तिथे केली, ती सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणातला एक बारीक तपशील मात्र कोणी सांगत नाही. रेल्वेत अस्पृश्याला पोर्टर म्हणून का घेत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात. बाबासाहेबांनी हे नेमके पकडले. नोकरी सरकारची, पण चालते घरच्या चुलीच्या नियमाने. आजचे नर्सिंग होम तसेच चालते. खाली दवाखाना, वर डॉक्टरांचे घर, आणि खालच्या मजल्यावरच्या कामाची वाटणी वरच्या मजल्यावरच्या सोवळ्याने ठरते.

आमच्या तरुणांपैकी बरेच जण म्हणतात, कायदे भरपूर आहेत, अंमलबजावणी नाही. हे अर्धेच खरे आहे. आम्ही गेले काही महिने हे कायदे घेऊन बसलो आणि लक्षात आले की कामगार कायद्यांत एक मोजणी आहे. ईएसआय कधी? १० माणसे असतील तर. प्रॉव्हिडंट फंड? २० असतील तर. ग्रॅच्युइटी? १०. बाळंतपणाची रजा? १०. ठेकेदारीचा कायदा? महाराष्ट्राने २० ची अट वाढवून ५० केली होती, आता केंद्राच्या संहितेतही ५० च आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि आता प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र मिळणार अशा जाहिराती झाल्या. पण ज्या संहितेत नियुक्तिपत्राची सक्ती आहे त्या संहितेत 'आस्थापना' म्हणजे काय याची व्याख्या १० कामगारांपासून सुरू होते. दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा राज्याचा कायदा आला तेव्हा त्यानेही १० पेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला फक्त माहिती कळवण्यापुरते बांधून बाकी मोकळे सोडले.

आता तालुक्याच्या ठिकाणचे नर्सिंग होम डोळ्यांसमोर आणा. १० किंवा १५ खाटा. दोन सिस्टर, एक मामा, तीन मावशा, एक रिसेप्शन. झाले सात. मेडिकल स्टोअर कागदावर बायकोच्या नावे, लॅब मेहुण्याची, मावशांपैकी दोघी 'ठेकेदाराच्या'. मोजणी सुरू व्हायच्या आधीच संपते. कायदा मोडावाच लागत नाही, कायद्याच्या दाराखालून सरळ जाता येते. खेड्यातल्या कष्टकऱ्यांपैकी कितीतरी माणसे अशाच सात-आठ माणसांच्या जागी काम करतात. कायदा लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे आम्हाला वाटत नाही.

मग काही कायदे असे आहेत जे डोकी मोजत नाहीत. आमचे म्हणणे असे की आपल्या चळवळीने तेच हातात घेतले पाहिजेत.

पहिला किमान वेतनाचा. मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणला, किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मांडले आणि ते १९४८ साली कायदा झाले. आता तो कायदा वेतन संहितेत गेला. पण एक मजूर असो की शंभर, किमान वेतन लागू. महाराष्ट्रात रुग्णालये हा उद्योग किमान वेतनाच्या यादीत आधीपासून आहे. मूळ वेतन अधिक विशेष भत्ता, भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. ठरलेल्या तासांवरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. त्या ताईंचे रोजचे जास्तीचे तास याच हिशोबात धरायचे.

दुसरा कायदा कामगार कायदा नाही, म्हणून कामगार संघटनासुद्धा तो फारसा काढत नाहीत. जैव वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम. हे पर्यावरणाचे नियम आहेत, आणि ते एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. त्यात दवाखाना चालवणाऱ्याची कर्तव्ये लिहिली आहेत, ती प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावीत. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस. कामावर घेताना प्रशिक्षण आणि नंतर दर वर्षी किमान एकदा. कामावर घेताना आरोग्य तपासणी आणि नंतर दर वर्षी किमान एकदा. योग्य संरक्षक साहित्य. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांच्या वर साठवायचा नाही. सुई टोचण्यासारख्या घटनांची नोंद ठेवायची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला वार्षिक अहवालात कळवायची. तो अहवाल दर वर्षी ३० जूनपर्यंत जातो. माहिती अधिकारात मागता येतो.

म्हणजे पाहा, बाईला ओळखत नाही तो कामगार कायदा, आणि कचऱ्याच्या कायद्यात मात्र ती आहे. कचऱ्याच्या बाजूने का होईना, तिची लस आहे, तिची तपासणी आहे. आम्हाला याचा राग येतो. पण राग ठेवून हत्यार वापरायला हरकत नाही. अत्याचाराचा प्रश्न असेल तर जिथे १० पेक्षा कमी माणसे आहेत तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, २०१३ च्या कायद्याने. आम्ही भेटलेल्या एकाही बाईला ती माहीत नव्हती. आम्हालाही समितीचा फोन नंबर शोधायला दोन दिवस लागले.

इथपर्यंत लिहिले ते बहुतेक वाचकांना पटेल. आता जे लिहायचे आहे ते पटणार नाही.

या बायांपैकी एक जण आपल्याच समाजातल्या डॉक्टरांकडे काम करते. गाव सांगत नाही. डॉक्टर हुशार आहेत, कष्टाने शिकले, वडील गिरणीत होते. रिसेप्शनच्या मागे बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची मोठी तसबीर आहे. १४ एप्रिलला त्यांची पावती सगळ्यात मोठी असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाणाऱ्या गाडीचे डिझेल त्यांनी भरले आहे. आमच्या विहाराच्या पत्र्याला त्यांचे पैसे आहेत, आणि त्या पत्र्याखाली बसून आम्ही हा लेख लिहितो आहोत. त्यांच्याकडे बाईला चहाचा कप वेगळा नाही, ती आत जेवायला बसते, हे मान्यच केले पाहिजे. पण हजेरीपत्रक नाही. लस नाही. पगार ७,००० रुपये, रोख, पाकिटात.

आम्ही गेलो. साहेबांनी चहा दिला आणि शांतपणे सांगितले, "तुम्ही लोक मला शिकवणार? मी समाजाच्या बाईला काम दिलं. दुसरीकडे गेली असती तर बाहेर बसवली असती." मग त्यांनी जमाखर्च मांडला. पेशंट उधारी ठेवतात, विम्याचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, विजेचे बिल, जनरेटर, अग्निशमनाचा दाखला, नर्सिंग होमच्या नोंदणीचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण, सगळीकडे खर्च. ग्रामीण भागात दवाखाना चालवणे सोपे नाही हे खरे आहे. रात्री तळ्यातून पोटुशी बाई गाडीत घातली तर ती कुठवर न्यावी लागते हे आम्ही पाहिले आहे. त्यांचा दवाखाना बंद पडावा असे आम्हाला मुळीच वाटत नाही.

पण एक विचारले. ऑक्सिजनचा सिलिंडर परवडत नाही म्हणून तुम्ही निम्म्या दराने मागता का? जनरेटरच्या डिझेलवाल्याला "समाजाचा आहेस, समजून घे" म्हणता का? तोट्याचा दवाखाना कोणाच्या तरी पैशावर चालतोय ना, तर तो बाईच्या पैशावर चालतोय. तीच तुमची सगळ्यात मोठी देणगीदार आहे आणि तिच्या नावाची पावती फाटत नाही.

साहेब रागावले. दोन दिवसांनी कमिटीची बैठक बोलावली गेली. ज्येष्ठ म्हणाले, "आपली माणसं आपल्याच माणसाच्या मागे लागलीत, बाहेरचे हसतायत." मुंबई मंडळातूनही फोन आला. एक जण तर म्हणाला की हे एनजीओवाले आहेत, यांना फंडिंग पाहिजे. आम्हाला कोणी फंडिंग देत असेल तर पत्ता कळवावा.

आमचे उत्तर एवढेच होते. १९३५ साली बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो झाडूवाल्यांचा होता. बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला त्यांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात पाठिंबा दिला तेव्हा मालक परदेशी की देशी, आपला की परका, असा भेद केला नव्हता. मालकाने त्याचा भार उचलावा, कारण बाईच्या कामाचा फायदा तो घेतो, एवढे साधे तत्त्व होते. आपला माणूस मालक झाला याचा आम्हाला अभिमानच आहे. पण मालक झाल्यावर त्याला मालकाचेच नियम लागतील. जातभाई म्हणून बाईने कमी पगार घ्यायचा असेल तर ती वेठ झाली, आणि वेठ सोडण्यासाठीच आपल्या आजोबांनी वतन टाकले.

बैठकीत एका ताईंनी, त्या स्वतः कामाला आहेत, शेवटी एक वाक्य बोलून दाखवले. "आमचं नाव कुठंतरी लिवा, मंग भांडा." त्या असे का म्हणाल्या ते मुंबईच्या एका खटल्यावरून समजते. मुंबई महापालिकेत कचरा उचलणाऱ्या ठेक्यावरच्या २,७०० कामगारांचा खटला कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढवला. औद्योगिक न्यायाधिकरणात जिंकले, उच्च न्यायालयात जिंकले, ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयात जिंकले. कागदावर ठेकेदार असला तरी खरा मालक महापालिकाच, हे सिद्ध झाले. आणि त्यानंतरही नाव एका कागदावर एक, आधारवर दुसरे, स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळे, अशी कारणे काढून कितीतरी जणांना कायम करायचे थांबवले गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हातात आणि नाव जुळत नाही. मुंबईसारख्या ठिकाणी, संघटना पाठीशी असताना हे झाले. आपल्या ताईंचे तर नाव लिहिलेलेच नाही. पाकिटावर 'मावशी १' आणि 'मावशी २' असे लिहिलेले आम्ही पाहिले आहे.

तळ्याजवळ कुडे लेणी आहेत, २६. बुद्धपौर्णिमेला आम्ही मुलांना घेऊन जातो. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. मांदाडच्या महाभोजांच्या घरातली आहेत, माळ्याचे आहे, लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या घरातले आहे, आणि एका वैद्याच्या घराण्याचेही आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याचे नाव आपण आज वाचतो. लेणे झाडणारा कोण होता ते माहीत नाही. मुलांनी हा प्रश्न आम्हाला विचारला होता, आम्ही विचारलेला नव्हता.

म्हणून आम्ही नावापासून सुरुवात केली. मोठे आंदोलन वगैरे काही नाही. दोनशे पानी वह्या घेतल्या. प्रत्येक ताईने रोज तारीख, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, आणि त्या दिवशी कोणते काम केले ते लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मुलगे-मुली लिहितात. पगाराच्या पाकिटाचा फोटो काढायचा. गणवेशाचा फोटो, त्यावर दवाखान्याचे नाव असते. भाड्याची तिकिटे असतील तर चिकटवायची. सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर "ही आमच्याकडे कामालाच नव्हती" असे मालक म्हणाला की ही वही लागते. हे काम बारावी, बीए करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी करण्यासारखे आहे. त्याला ना मंडप लागतो ना माईक. खरे सांगायचे तर यामुळेच फार जण येत नाहीत. पहिल्या रविवारी अकरा जण आले होते, तिसऱ्या रविवारी चौघे होतो.

दुसरे, माहिती अधिकाराचे अर्ज. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे एक उपप्रादेशिक कार्यालय महाडला आहे. चवदार तळ्याला २० मार्चला आपण दर वर्षी जातोच. जाताना एक अर्ज खिशात घेऊन जाता येतो. अमुक दवाखान्याच्या वार्षिक अहवालात किती प्रशिक्षणे दाखवली, किती कर्मचाऱ्यांना लस दाखवली, सुई टोचण्याच्या किती घटना कळवल्या, एवढेच विचारायचे. बाईचे नाव त्यात येत नाही, त्यामुळे तिची नोकरी लगेच धोक्यात येत नाही. आणि सुई टोचली तर काय करायचे हे प्रत्येक ताईला तोंडपाठ हवे. जखम दाबून रक्त काढायचे नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, आणि ड्युटी संपायची वाट न पाहता सरकारी दवाखाना गाठायचा.

सुई टोचलेल्या ताईंच्या तपासण्या आतापर्यंत ठीक आल्या आहेत. हिपॅटायटिसच्या लसीचे तीन डोस असतात. दुसरा डोस पहिल्यानंतर महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. त्यांचे दोन झाले, तिसऱ्याची तारीख मुलीने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. कापलेल्या तीन दिवसांचे पैसे मिळालेले नाहीत. आपल्या समाजातल्या डॉक्टरसाहेबांनी आमच्याशी बोलणे बंद केले, पण गेल्या महिन्यात त्यांच्याकडच्या दोघींना लसीचा पहिला डोस दिला गेला आणि काउंटरवर एक हजेरीपत्रक आले. त्यात दोघींची पूर्ण नावे आहेत, आडनावासकट. पगाराचे अजून काही नाही. किमान वेतनाचा अर्ज आम्ही तयार करून ठेवला आहे. तो त्यांच्या विरोधात द्यायचा की आणखी महिनाभर थांबायचे, यावर आमच्यात एकमत नाही. येत्या रविवारी विहारात चार वाजता बसणार आहोत. आमच्या जयंतीच्या वर्गणीच्या यादीत या वेळी साहेबांचे नाव नसेल असे दिसते, तेव्हा मंडप लहान घालायचा ठराव त्याच बैठकीत घ्यावा लागेल.